अजून दोन

डाव्या बुटाचं टोक झिजलं होतं. उजव्याचं नव्हतं – उजवा जवळजवळ दुकानातून आणला तेव्हासारखाच, फक्त चामड्यावर चालून चालून पडतात तशा दोन सुरकुत्या – आणि डाव्याचं टोक मात्र असं घासलं गेलं होतं की वरचा काळा रंग, त्याखालचं चामडं, सगळं जाऊन आतलं पांढुरकं कापड बाहेर डोकावत होतं. रुवैदानं त्यावरून अंगठा फिरवला. खरखरीत लागलं. सात महिन्यांत एवढं... म्हणजे रोज किती? रोज किती पावलं, आणि प्रत्येक पावलाला किती?

"हा माणूस पाय उचलत नाही, ओढतो," मोची म्हणाला. त्यानं बूट तिच्या हातातून काढून घेतला आणि उजेडात धरला. "मुलगा आहे का? पोरांना सवय असते. दोनदा खेकसलं की सरळ चालतात."

"नवरा आहे."

"मग खेकसून उपयोग नाही," तो म्हणाला आणि खाली मान घालून स्वतःच्याच विनोदावर हसला. "पुढं रबराचा तुकडा बसवतो. दोन महिने जाईल."

"आणि मग?"

"मग दुसरा बसवू. मी कुठं पळून चाललोय?"

तिनंही चेहऱ्यानं हसून घेतलं. उचलत नाही असं नाही, उचलता येत नाही – हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग पुढचं आलं असतं. कधीपासून? कशानं? आणि या 'कशानं'चं तिच्याकडं एक तयार उत्तर होतं, इतक्यांदा दिलेलं की आता ते देताना जीभ अडखळतही नसे – एक पोरगेला ट्रेनर होता, त्याला काही येत नव्हतं, त्यानं माझ्या नवऱ्याच्या पाठीची वाट लावली. लोक हळहळत. आजकाल कोणीही उठतो आणि ट्रेनर होतो, म्हणत. आणि तीही मान हलवी... बराच वेळ हलवत राही.

"तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर या," मोची म्हणाला.

बाहेर लुवैब्दे मोहल्ल्याच्या उतारावर ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन पडलं होतं. तिला लिंबं घ्यायची होती, हिरव्या मिरच्या घ्यायच्या होत्या. अजलूनहून दिरानं हिरव्या ऑलिव्हची दोन पोती पाठवली होती आणि बुरहान सकाळपासून बाल्कनीत बसून ते एकेक ठेचत होता. पितळी परात, सपाट दगड, ऑलिव्ह, ठक्. बसून करता येण्यासारखं काम. तिनंच ते त्याच्यासमोर मांडून ठेवलं होतं – परात उजवीकडं, पाण्याचं भांडं डावीकडं, पाठीला उशी – आणि निघताना वळून पाहिलं तेव्हा तिला वाटून गेलं होतं, की आपण एखादं लहान मूल खेळणी देऊन बसवावं तसं याला बसवून निघालोय. ज्या माणसानं तीस वर्षं खांद्यावर जमीनमोजणीची यंत्रं घेऊन या देशातले डोंगर पायांखाली घातले, त्याला.

लिंबांचं दुकान वरच्या अंगाला होतं. तिचे पाय खालच्या अंगाला वळले.

ती थांबली. कुठं चाललोय आपण? पण हा प्रश्नही तिनं उगाच, स्वतःला दाखवायला विचारला. गेल्या महिनाभरात ती तीनदा या वळणापर्यंत आली होती. इथून सत्तर-ऐंशी पायऱ्या खाली, जुन्या क्रीडामंडळाच्या इमारतीच्या तळघरात, कॅप्टन वासिफचा – इथं व्यायामशिक्षकाला कॅप्टनच म्हणतात – आखाडा होता. ज्याला तिनं नको म्हटलं होतं, तो.

निवड हा रुवैदाचा प्रांत. भेंडी घ्यायची तर ती एकेक बोटानं मोडून बघायची. पडद्याचं कापड, लेकीचं, लमीसचं कॉलेज, हे घर, घराची ही बाल्कनी – सगळं तिनं निवडलेलं. बुरहान म्हणायचा, "तू बघ." चौतीस वर्षं हे दोन शब्द तिनं दागिन्यासारखे मिरवले. माझ्या नवऱ्याचा माझ्यावर असा विश्वास, असं ती बहिणींना सांगायची. आता अलीकडं ते शब्द आठवले की तिला वाटे, तो विश्वास होता, की कधीतरी फार पूर्वी दमून खाली ठेवलेलं एखादं ओझं होतं?

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले होते, साखर वाढलीय, हृदयावरही थोडा ताण दिसतोय, यांना हलतं ठेवा, वजन उचलायला शिकवा. पण ट्रेनर नीट पाहून घ्या, यांच्या वयाला घाई चालत नाही. तिनं सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय. ते खरंच होतं. पण डॉक्टरांकडं जाण्याच्या आठवडाभर आधी लमीसच्या साखरपुड्याचे फोटो आले होते. एका फोटोत मुलाचे वडील – दातांचे डॉक्टर, साठीचे, पण कसे ताठ, पोट फळीसारखं सपाट – आणि त्यांच्या शेजारी बुरहान, कोटाची बटणं ताणलेली, दोन बटणांच्या मधून सदऱ्याची पांढरी फट, आणि चेहऱ्यावर ते त्याचं कुणालाही कधीही माफ करून टाकणारं हसू. स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून तिनं फोनवर तो फोटो बोटानं कापला होता. छातीखालचा सगळा भाग. मग तो नातेवाइकांना पाठवला. जूनमध्ये लग्न होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं... कुणी विचारलंही नव्हतं म्हणा.

पायऱ्या उतरताना उजवा गुडघा कुरकुरला. तिनं कठड्याला हात लावला आणि लगेच काढला.

वासिफकडं ती आधी आली होती ती एका शेजारणीच्या सांगण्यावरून, बुरहानला घेऊन, जानेवारीत. तळघरात ओल आल्याचा आणि तेलाच्या शेगडीचा वास. हा बुटका माणूस, डोक्याला लोकरी टोपी, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, आणि पोट... चांगलं गरगरीत पोट. त्यानं बुरहानला खुर्ची दिली, तिला दिली, आणि पेन्सिल घेऊन प्रश्न विचारायला बसला. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कसं पडतं? कोणत्या कुशीवर झोपता? जिना चढताना आधी दम लागतो की आधी पाय भरतात? कधी पडला होतात? कुठं? तेव्हा काय वय होतं? दहा मिनिटं झाली, वीस झाली. तिच्या पर्समध्ये तिच्या स्वतःच्या प्रश्नांचा कागद होता, आणि शेवटी न राहवून तिनं विचारलं, "जूनपर्यंत किती किलो उतरतील?"

"माहीत नाही," वासिफ म्हणाला.

"अंदाजे?"

"अंदाजे पण माहीत नाही, उम्म लमीस," तो रिवाजाप्रमाणे तिला 'लमीसची आई' अशी हाक मारत म्हणाला. "तीन आठवडे आम्ही खुर्चीतून उठायला आणि खुर्चीत बसायला शिकू. मग बघू."

तेवढ्यात लग्नाच्या हॉलवाल्याचा फोन आला आणि ती बोलायला वर रस्त्यावर गेली. परत आली तेव्हा दोघं पुरुष काहीतरी बोलून गप्प झालेले, आणि बुरहानचा चेहरा जरा लाल, ताजा... थंडीनं असेल, तिला वाटलं. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवरच तिला हसू फुटलं होतं. "उठायला-बसायला शिकवणार म्हणे! आणि पोट पाहिलंस त्याचं? ज्याला स्वतःचं आवरत नाही –"

"मला बरा वाटला."

"बरा?"

"त्यानं मला विचारलं, काम काय करायचो," बुरहान म्हणाला होता. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून – किंवा न बघताही असेल, आता काय सांगावं – "तू बघ."

आणि तिनं बघितलं. मोठ्या रस्त्यावरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, चारी बाजूंनी आरसे, आणि त्या आरशांत चोवीस वर्षांचा यझन, असंख्य यझन, एकाहून एक रेखीव. त्याच्या फोनमध्ये फोटोच फोटो – डावीकडं सुटलेला माणूस, उजवीकडं तोच माणूस घडवलेला. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. "मावशी, तुम्ही फक्त तारीख सांगा," तो म्हणाला. ती किती खूश झाली होती! अशी माणसं आवडायची तिला, कामाचं बोलणारी.

तळघराचं दार उघडंच होतं. आत सात-आठ म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवर ओळीनं बसल्या होत्या, हातात झाडूचे दांडे आडवे धरून, आणि वासिफ समोर उभा राहून त्यांना उठवत-बसवत होता. "घाई कुणाला आहे? बस सुटतेय का कुणाची? उम्म फुआद, गुडघे भांडताहेत तुमचे, त्यांना लांब लांब ठेवा." बायका खिदळत होत्या. त्यानं दाराकडं पाहिलं, रुवैदाला पाहिलं, आणि मान हलवून बाकाकडं बोट केलं. ओळखलं असेल? नसेलच. एकदाच तर आलो होतो.

बायका गेल्यावर तो चहा घेऊन आला, त्यात मिरमिय्याची सुवासिक पानं तरंगत होती. पेन्सिल घेऊन तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. पोट तसंच होतं. टोपीही.

"बसा-उठा एकदा," तो म्हणाला.

"मी माझ्यासाठी नाही आले. माझे यजमान –"

"ते कळलं. तरी एकदा. हात न लावता."

ती उठली, बसली. उठली, बसली. हे कसलं पोरखेळासारखं... पाचव्या वेळी उजव्या गुडघ्यात ती ओळखीची सुई आली, सातव्या वेळी तिचा हात आपोआप मांडीवर गेला.

"कधीपासून?"

"तीन... चार वर्षं."

"घरी कुणाला माहीत आहे?"

"नाही," ती म्हणाली. तिनं चहाचा पेला उचलला. मग घाईघाईनं, मुद्द्यावर येत, तिनं सांगायला सुरुवात केली – बुरहानच्या पाठीतली चकती सरकली, नस दबली, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून डावं पाऊल वर उचलत नाही, लोंबतं. डॉक्टर म्हणतात वर्षभरात नस परत येईल, नाहीतर येणार नाही. घरी येऊन व्यायाम करून घ्याल का, तुम्ही सांगाल त्या वेळी, तुम्ही सांगाल तसं, तीन आठवडे खुर्ची तर खुर्ची...

वासिफ ऐकत होता. "झालं कसं?"

"वजनांचा दांडा उचलताना. जमिनीवरून."

"कितव्यांदा?"

"बाराव्यांदा."

"त्याआधी दुखलं होतं त्यांना?"

"दहाव्यांदा... थांबला होता तो."

"मग पुढं जा कुणी सांगितलं?"

आरसे. गाणं चाललेलं, छातीत धडधडणारं. काचेच्या भिंतीपलीकडं लोखंडी दांडा खाली ठेवून तो वाकलेलाच राहिला आहे, मानेवरची शीर जाड, राखी बनियनवर पाठीच्या मधोमध घामाचा डाग, आणि यझननं चेहऱ्यापुढं फोन धरलाय – त्रेसष्ट वर्षांचा काका काय उचलतो ते लोकांना दाखवायला – त्याच्यासमोर माणूस नाही, फोनमधला माणूस आहे. आणि बुरहान मान वर करतो आणि काचेकडं बघतो. माझ्याकडं. मी सोफ्यावर बसले आहे, मांडीवर लग्नाच्या आमंत्रितांची यादी, हातात पेन. त्याच्या डोळ्यांत विचारणं आहे – बास का? – मला तेव्हाच कळलं होतं, नंतर नाही, तेव्हाच. आणि तरी मी हसले आणि हात वर केला. दोन बोटं. अजून दोन. लहानपणी लमीसला घास भरवताना करायचे तशी. आणि तो खाली वाकला...

"ट्रेनरनं," रुवैदा म्हणाली. "यझन म्हणून होता एक."

वासिफनं काही लिहिलं नाही. पेन्सिल त्यानं गुडघ्यावर आडवी ठेवली.

"यझन मंगळवारी येतो माझ्याकडं," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मे महिन्यापासून. तिथून काढून टाकलं त्याला. कुणीतरी तक्रार केली होती, बरोबरच होतं ते. सकाळी मामाच्या फोनच्या दुकानात असतो, मंगळवारी दुपारी इथं. खुर्चीपासून सुरुवात केलीय. बरा शिकतोय, पण अजून आरसा शोधतो अधूनमधून."

"तुमच्याकडं... कसा?"

"तुमच्या यजमानांनी पाठवला. दवाखान्यात रडत गेला होता म्हणे त्यांच्याकडं. ते म्हणाले, रडू नको, लुवैब्देत अमुक एक माणूस आहे, त्याच्याकडं जाऊन शिक." वासिफनं चहाचा घोट घेतला. "मी त्यालाही हेच विचारलं होतं, पुढं जा कुणी सांगितलं? तो म्हणाला, मला माहीत नाही, मी फोनकडं बघत होतो. तेवढंच म्हणतो. दर वेळी."

दवाखान्यातला तो बोळ... यझन हातात चॉकलेटची टोपली घेऊन उभा, डोळे सुजलेले, आणि ती त्याच्यावर तुटून पडलेली, परिचारिका बघताहेत, परक्या लोकांच्या आया-बहिणी बघताहेत – "तुझ्यामुळं! तुझ्यामुळं माझा नवरा –" – आणि तो काहीच बोलला नव्हता. ती पाणी प्यायला गेली तेवढ्यात आत जाऊन आला असेल. आणि दुसऱ्या दिवशी तिनं मालकाला पत्र लिहिलं होतं, दोन पानी, सुवाच्य, परिच्छेद पाडून. एकही वाक्य खोटं नव्हतं त्यात. एक वाक्य नव्हतं, एवढंच.

म्हणजे पोरगा म्हणतो, माझं चुकलं. बुरहान येईल-जाईल त्याला सांगतो, मीच नीट उचललं नाही, माझंच चुकलं. आणि ती... तिला एकाएकी त्या तळघरातली हवा पुरेना.

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तर मला कशाला विचारलंत?"

"सगळं कुठं ठाऊक आहे?" वासिफ सौम्यपणे म्हणाला. "आणि मी सगळ्यांनाच विचारतो. सांगताना माणूस कुठं अडतो ते बघायचं असतं. तिथंच दुखत असतं."

ती उठली. हात न लावता उठली, हेही तिच्या लक्षात आलं.

"याल ना तुम्ही घरी?"

"त्यांना फोन करू दे. तुमच्या तोंडून नको, उम्म लमीस. मागच्या वेळी त्यांनी मला सांगितलं होतं त्यांना काय हवंय ते. मी त्याच्यावरच काम धरलं असतं. आता तेच हवंय की दुसरं काही, मला विचारावं लागेल."

"काय हवं होतं त्याला?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला लाज वाटली.

वासिफनं नवलानं पाहिलं. "तफीलाच्या पलीकडं त्यांचा तो खांब आहे ना... मोजणीचा. सव्विसाव्या वर्षी त्यांनी स्वतः दगड वाहून बांधलेला. तिथं एकदा पुन्हा चढून जायचं होतं त्यांना. गाडी जात नाही म्हणाले, शेवटचा तासभर पायीच. मला म्हणाले, पोटाचं काय व्हायचं ते होवो, मला तेवढा चढ जमला पाहिजे." तो हसला. "आणि तुमचा गुडघा. त्यासाठी तुम्ही या. रविवारी बायकांची वेळ असते."

वर रस्त्यावर आली तेव्हा गॅसच्या टाक्या विकणारी गाडी तिची ती ठरलेली धून वाजवत चढ चढत होती. रुवैदा कठड्याला धरून उभी राहिली. खांब. हा शब्द तिनं ऐकला होता का कधी? ऐकला असणारच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत तो पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा, धुळीनं माखून परत यायचा आणि जेवताना सांगायचा – कुठल्या भटक्या बदूच्या तंबूत दही खाल्लं, कुठं यंत्राचा पाय मोडला – आणि ती भात वाढत, लमीसला थोपटत, 'हो का' म्हणत असायची. 'हो का' मध्ये सगळं मावतं. त्यातल्या कुठल्या तरी संध्याकाळी तो खांबही येऊन गेला असेल, तिच्या समोरून, पायांनी चालत. मग कधीतरी त्यानं सांगणं थांबवलं. कधी? ते थांबलं हेसुद्धा तिला कळलं नव्हतं. घरातलं एखादं घड्याळ बंद पडावं आणि ते पुष्कळ दिवसांनी कुणा पाहुण्याला दिसावं, तसं ते आज एका परक्या माणसानं दाखवलं.

आणि जानेवारीतल्या त्या दहा मिनिटांत, ती हॉलवाल्याशी खुर्च्यांच्या खोळींच्या रंगावरून वाद घालत असताना, तो खाली तळघरात हे बोलला होता. चेहरा थंडीनं लाल झाला नव्हता.

तिनं लिंबं घेतली. मिरच्या घेतल्या. बोटानं मोडून बघितल्या नाहीत, दुकानदारानं घातल्या तशा घेतल्या. घराचा जिना चढताना तिनं गुडघ्याला लपवलं नाही – कुणी बघत नव्हतंच – एकेक पायरी दोन्ही पाय टेकत चढली, आणि प्रत्येक पायरीवर एक वाक्य जुळवत गेली. बुरहान, मला तुला काही सांगायचंय. नको. बुरहान, त्या दिवशी. नको... तीन मजले संपले तरी वाक्य जुळलं नव्हतं.

बाल्कनीतून आवाज येत होता. ठक्. जरा थांबून, ठक्.

परात भरली होती. ठेचलेल्या ऑलिव्हचा कडू, हिरवा वास पसरला होता आणि त्याची बोटं तपकिरी झाली होती. पाठीची उशी त्यानं काढून बाजूला ठेवली होती.

"एवढा वेळ? लिंबं झाडावरून तोडलीस की काय?"

"वासिफकडं गेले होते."

"हं," तो म्हणाला. ठक्. "कसा आहे? पोट?"

"आहे तसंच."

तो हसला. ती समोरच्या स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर तशीच. समोरच्या टेकडीवर घरांच्या भिंती पिवळ्या होत चालल्या होत्या.

"फोन कर म्हणालाय. तुला वाटलं तर."

"बघू."

"बुरहान, त्या दिवशी तू दहावर थांबला होतास."

दगड हवेत राहिला, मग खाली आला, हलकेच, ऑलिव्ह नुसतं दबलं.

"माझ्याकडं बघितलंस," ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटत होतं. "विचारत होतास तू, आणि मी दोन बोटं दाखवली. अजून दोन म्हणून. मी दाखवली. त्या पोरानं काही सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगत फिरले की त्यानं..."

तो तिच्याकडं बघत होता. रागानं नाही. कुणी परभाषेत काही विचारावं आणि आपण ते समजून घ्यायला मन लावावं, तसा.

"तू होतीस तिथं?"

"काचेपलीकडं. सोफ्यावर. रोज असायचे."

"ते माहीत आहे. पण मला कुठं दिसणार? चष्मा नसायचा ना डोळ्यांवर. घामानं घसरायचा म्हणून टॉवेलात गुंडाळून ठेवायचो. काच म्हणजे मला नुसता धूर." त्यानं दुसरं ऑलिव्ह दगडावर ठेवलं. "श्वास घेत होतो मी. बारा करायचेच असं ठरवून गेलो होतो त्या दिवशी. एक चढ आहे, तिथं शेवटी शेवटी मधे थांबायला जागाच नाही, थांबलं की पाय घसरतो. म्हटलं, तशी सवय करावी." ठक्. "माझंच चुकलं ते. कंबर गोल झाली होती, मला कळत होतं."

चष्मा... चष्मा होता की नव्हता? सात महिने रोज तिनं तो क्षण काढून बघितला होता, मानेवरची शीर, घामाचा डाग, त्याच्या डोळ्यांतलं ते विचारणं. तो क्षण तिच्या हातात इतका हाताळला गेला होता की त्याची प्रत्येक कड तिला पाठ होती. आणि आता त्या डोळ्यांपुढं काच होती की नव्हती, हे तिला आठवेना. यझननं काढलेली ती चित्रफीत त्यानं त्याच दिवशी पुसून टाकली होती. कदाचित नव्हताच चष्मा. कदाचित होता, कदाचित हे त्यानं आत्ता, तिचं वाक्य संपता संपता, तिच्यासाठी रचलं होतं, जसं तो आल्यागेल्याला सांगत होता माझंच चुकलं. ती त्याच्या चेहऱ्यात शोधत राहिली. चेहरा ऑलिव्हवर वाकलेला होता.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली. पण जे आलं ते दुसरंच काही होतं, रिकामं, गार... त्यानं माझ्याकडं पाहिलंच नव्हतं. आयुष्यातला तो सगळ्यात वाईट क्षण, पण निदान त्या क्षणी तो मान वर करून मला विचारत होता, असं धरून ती सात महिने जगली होती. आणि तो तर तेव्हा तिथं नव्हताच. तो एका डोंगरावर होता. एकटा, शेवटच्या चढावर, श्वास सांभाळत. आणि ती काचेपलीकडं, धुरात, हात वर करून बसलेली.

"कुठं आहे तो चढ?" असं विचारावं, तिला वाटलं. वर गेल्यावर काय दिसतं? दगड कुठून वाहून आणलेस? किती दिवस लागले? तिनं तोंड उघडलं. चौतीस वर्षांत तिनं त्याला जे जे विचारलं होतं – जेवलास का, गोळी घेतलीस का, हा रंग बरा की तो – तेच प्रश्न आधी जिभेवर आले, ओळीनं, सवयीनं, आणि ते बाजूला सारून या दुसऱ्या प्रश्नांपर्यंत पोचायचं कसं, तिला कळेना. एखाद्या अनोळखी माणसासमोर बसल्यासारखी ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि तिचं काळीज, या वयात, नव्या नवरीसारखं धडधडू लागलं.